मोकाशीकाकांचा वाढता पेपर

मोकाशीकाकांना शिव्या आवडायच्या. द्यायला नाही, खायला.

दिल्लीतल्या एका हिंदी दैनिकात ते व्यंगचित्रकार होते. टेबलाच्या खालच्या खणात त्यांची एक फाईल असायची, तिच्यावर मराठीत लिहिलेलं होतं ‘आहेर’. चित्र बघून भडकलेल्या लोकांची पत्रं त्या फाईलमध्ये लावलेली असत. एका नगरसेवकाचं होतं, डॉक्टरांच्या कुठल्याशा संघटनेचं होतं, एका लग्न जुळवणाऱ्या पंडिताचं तर चक्क तीन पानी होतं. फोनवर कुणी तावातावानं बोलायला लागलं की काका अगदी गोड आवाजात म्हणायचे, “बिल्कुल सही कह रहे हैं आप। बस, ज़रा लिख के दे दीजिए।” लिहून आलं की पंचिंग मशीननं भोकं पाडून फाईलमध्ये. कौतुकाची पत्रं मात्र वाचून केराच्या टोपलीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “कौतुक काय, पोह्यांचंही होतं. चित्र लागलं पाहिजे गं कुणाला तरी.”

माझी त्यांची ओळख दोन बाजूंनी होती. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही खाली राहायचो आणि ते आमच्या डोक्यावर. क्वार्टर काकूंच्या नावावर होतं, त्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. काका स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे, “मी केंद्र सरकारचा जावई.” पुढे मी त्यांच्याच पेपरात उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “जिन्यात काका, ऑफिसात मोकाशीजी. घोळ करू नकोस.” मी तो घोळ रोज करायचे.

माझं मराठी दिल्लीत वाढलेलं, म्हणजे अर्धपोटी. काकांच्या बोलण्यात फडताळ आलं, ओसरी आली, जू आलं, की मी अडायचे. ते कधी अर्थ सांगत नसत. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढायची आणि हाताशी असलेल्या कागदाच्या समासात ती वस्तू काढून दाखवायची. पाच-सात रेघांत फडताळ तयार, आत लोणच्याची बरणीसुद्धा. माझ्या आईच्या वाणसामानाच्या याद्यांवर, विजेच्या बिलावर, एकदा तर माझ्या नेमणुकीच्या पत्रावर असली चित्रं होती.

ऑफिसात त्यांना टेबल होतं, पण ते त्यावर चित्र काढत नसत. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर शाईची बाटली. तोंडात बडीशेप. चार वाजता चित्र माझ्याकडे यायचं, कारण शेवटचं पान मी लावायचे. चित्राखाली ओळ नसायचीच. या बाबतीत ते हट्टी होते. संपादक म्हणायचे, मोकाशीजी, दोन शब्द तरी टाका, वाचकाला कळायला हवं. काकांचं उत्तर ठरलेलं. “खाली ओळ लागते ते चित्र लंगडं. मी कुबड्या विकत नाही.” त्यांच्या या हट्टाबद्दल मला तेव्हा आदर होता.

एक किस्सा ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. कुणीतरी उपमंत्री एकदा स्वतः भांडायला आले. त्यांचं म्हणणं, माझं नाक इतकं मोठं नाही. काकांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि ते आरडाओरडा करत होते तेवढ्या वेळात मांडीवरच्या पुठ्ठ्यावर काहीतरी खरडत बसले. साहेब थकून थांबले तेव्हा काकांनी कागद पुढे केला. “माफ़ कीजिए, मुझसे ग़लती हुई थी। ये देखिए, असल में इससे भी बड़ी है।” उपमंत्री दोन मिनिटं बघत राहिले आणि कागद घडी करून खिशात घालून निघून गेले. काका पुढे आठवडाभर शीळ घालत जिना चढायचे. काकू म्हणायच्या, “एवढा आनंद यांना आमच्या लग्नात नव्हता.”

मग पेपर वाढायला लागला.

मी नोकरीला लागले तेव्हा आमचा पेपर आठ पानांचा होता आणि ऑफिस कॅनॉट प्लेसच्या मागच्या एका जुनाट इमारतीत. बघता बघता पानं दुप्पट-तिप्पट झाली. सोमवारी नोकरीची पुरवणी, मंगळवारी आरोग्याची, शनिवारी सिनेमाची, रविवारी तर एका पेपराच्या पोटातून चार पेपर निघायचे. नव्या नव्या शहरांतून आवृत्त्या निघू लागल्या. ऑफिस नोएडाला गेलं. काचेची इमारत, खिडक्या न उघडणाऱ्या. काकांना शाईची बाटली ठेवायला कट्टा उरला नाही, ती ते दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवू लागले. माझा पगार वाढला. आम्ही सगळेच खूश होतो, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही.

काकांनी त्या दिवसांत एक नवी खोड लावून घेतली. सकाळी चार्टर्ड बसनं नोएडाला पोचलं की ताजा अंक घ्यायचा आणि कात्रीनं त्यातल्या सगळ्या जाहिराती कापून टाकायच्या. फ्रिज, साड्या, फ्लॅट, सोनं, सगळं. मग उरलेलं पान दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरायचं. पानाची जाळी झालेली असायची. “आज बराच उजेड आहे,” असं म्हणून ते जाळी घडी करून ठेवून देत आणि कामाला लागत. नवी मुलं हसायची. सफाईवाला मात्र वैतागला होता, त्याला रोज कपटे गोळा करावे लागत.

त्यातूनच ती मालिका सुरू झाली. आपल्याच पेपरवर चित्रं काढायची, आपल्याच पेपरात. संपादकांनी परवानगी कशी दिली कोण जाणे. मला वाटतं, त्यांनी चित्रं नीट बघितलीच नव्हती.

पहिल्या चित्रात एक गृहस्थ नाश्त्याला पेपर उघडतात. चार चौकटी होत्या. चौथ्या चौकटीत ते खेळाच्या पानापर्यंत पोचतात, तेव्हा त्यांची दाढी टेबलाला टेकलेली असते आणि बायको शेजारी नातू घेऊन उभी. दुसऱ्यात सरोजिनी नगरचंच क्वार्टर होतं. लोखंडी कपाट चढवतात तसा दोर लावून माणसं रविवारचा अंक बाल्कनीतून वर ओढतायत आणि घरातलं कपाट, पलंग खाली रस्त्यावर काढून ठेवलाय, जागा व्हावी म्हणून. तिसऱ्यात एक म्हातारा हातात टॉर्च घेऊन दागिन्यांच्या आणि गाद्यांच्या जंगलात बातमी शोधत निघालेला. आणि चौथं सायकलवाल्याचं. सायकलवर पेपरांचा तीन मजली ढिगारा, आणि त्याखाली पाठीची कमान झालेला पेपरवाला पेडल मारतोय. ढिगाऱ्याच्या वरच्या टोकाला कावळ्यानं घरटं बांधलंय.

चित्रं झकास होती. काका रोज दुपारी माझ्या टेबलापाशी यायचे, कारण वाचकांची पत्रंही माझ्याकडेच यायची.

“आलं काही?”

“खूप आलीत काका. सगळ्यांना आवडलंय.”

“अगं आवडलं नको सांगू. चिडलं कुणी?”

कुणीच चिडलं नव्हतं. गुडगावच्या एका बाईंनी लिहिलं होतं, मेरे बच्चे बहुत हँसे. एका निवृत्त कर्नलनं चित्र फ्रेम करून मागितलं होतं. काका पत्रं परत माझ्या टेबलावर ठेवायचे आणि बडीशेप चघळत निघून जायचे. महिनाभर फाईल उघडली नाही. एका संध्याकाळी बसमध्ये मला म्हणाले, “माझी निब बोथट झाली असेल का गं?” मी म्हटलं, “काहीतरीच काय, यार काका.” ते हसले नाहीत.

मग मालकांनी बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मला वाटतं, त्यांना आशा होती. परत आले ते हातात पेढ्यांचा खोका घेऊन. मालक पोट धरधरून हसले होते म्हणे. काकांनी त्यांना सरळ विचारलं, आपको ग़ुस्सा नहीं आया? मालक म्हणाले, “ग़ुस्सा क्यों? बढ़ना तो अच्छी बात है, मोकाशीजी।”

त्याच आठवड्यात मार्केटिंगच्या चोप्रांचा मला इंटरकॉम आला. मोकाशीजींच्या त्या सायकलवाल्या चित्राचं ओरिजिनल हवंय, ज़रा भिजवा दीजिए. मूळ चित्रं माझ्या कपाटात असायची. मी पाकिटात घालून पाठवून दिलं. काकांना विचारलं नाही. मुद्दाम नाही, पान लावायची घाई होती, आणि पेपराच्या कपाटातली चित्रं पेपराचीच, असं मी धरून चालले होते. कायद्यानं ते खरंही होतं.

पंधरा दिवसांनी रिंग रोडवर, आमच्या चार्टर्ड बसच्या थांब्यासमोर, दुमजली घराएवढं होर्डिंग लागलं. काकांचा सायकलवाला. काळ्या रेघांत आता रंग भरलेला. काकांनी खाली जागा मोकळी सोडली होती, नेहमीसारखी, कुबडी नको म्हणून. त्या मोकळ्या जागेत चोप्रांनी लिहिलं होतं: ‘हम बढ़ रहे हैं!’

बसची वाट बघत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे होतो. मी सांगून टाकलं, चित्र मीच दिलं म्हणून. मला लाज वाटत होती. काका म्हणाले, “तू नसतंस दिलं तर दुसऱ्या कुणी दिलं असतं.” त्यांचा आवाज रेल्वे चौकशी खिडकीतल्या माणसासारखा सपाट होता. रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या दिवसांनी माझी लाजही गेली. रोज बघून होर्डिंग दिसेनासंच होतं.

एका रविवारी सकाळी मी कुकरचं भांडं परत करायला वर गेले होते. काकू पोळ्या लाटत होत्या. दारात शिवचरण उभा. शिवचरण म्हणजे आमच्या ब्लॉकचा पेपरवाला, बुलंदशहरकडचा, पन्नाशीचा माणूस. एरवी तो खालूनच पेपर गुंडाळून बाल्कनीत भिरकवायचा, नेम कधी चुकायचा नाही. त्या दिवशी जिना चढून आला होता. डोक्याला कानांवरून घट्ट गुंडाळलेला मफलर. साखळीत पँट अडकू नये म्हणून उजव्या पायाला तो कपड्यांचा चिमटा लावायचा, तो मात्र आज नव्हता.

“साहब, एक बात थी,” तो म्हणाला. “आपने हमारा मज़ाक क्यों उड़ाया?”

काकांना कळेना. मला कळलं. मला त्याच्याकडे बघता क्षणी कळलं, आणि मग नवल वाटलं, की इतके दिवस कसं कळलं नव्हतं. मफलर तोच, पाठ तीच. चित्रातल्या सायकलवाल्याच्या उजव्या पायाला चिमटासुद्धा होता. काकांनी शिवचरणचं चित्र काढायला घेतलं नव्हतं. त्यांनी पेपरवाला काढायला घेतला, आणि हात रोज बाल्कनीतून जे बघत होता ते काढून बसला.

“तुम्हारा नहीं शिवचरण,” काका म्हणाले. “वो तो अख़बार का मज़ाक है।”

“अख़बार तो हँस रहा है साहब। वो तो ख़ुश है।”

काकू लाटणं हातात धरून उभ्या राहिल्या. शिवचरण अजिबात चढ्या आवाजात बोलत नव्हता. त्यानं सांगितलं, मार्केटमधले पटरीवाले, म्हणजे फुटपाथवरचे विक्रेते, त्याला आता नावानं हाक मारत नाहीत. सायकल दिसली की ओरडतात, क्यों भाई, बढ़ रहे हो? ते एक वेळ चालेल. पण मुलीचं लग्न ठरलंय. व्याही बसनं आले, बसमधून त्यांनी तो बोर्ड बघितला, आणि घरी चहा घेताना सगळ्यांसमोर विचारलं, वो आप ही हो ना? “लड़की उठ के अंदर चली गई,” तो म्हणाला.

आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, “लिख के दे दो।”

इतक्या वर्षांची सवय. कुणी तक्रार केली की हेच वाक्य. त्यांना ते ऐकू आलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“पढ़ तो लेता हूँ साहब,” शिवचरण म्हणाला. “लिखने की आदत नहीं है।”

काकूंनी त्याला बसा म्हटलं, चहा ठेवते म्हटलं. तो बसला नाही, अजून दोन ब्लॉक बाकी होते. तो गेल्यावर काका खुर्चीत बसले. मी भांडं ओट्यावर ठेवलं. काकू मला हळूच म्हणाल्या, “लागलं बघ एकदाचं कुणाला तरी.” त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सोमवारी काका सरळ चोप्रांच्या केबिनमध्ये गेले. मला सोबत नेलं, का ते माहीत नाही. बोर्ड उतरवा, म्हणाले. चोप्रा तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“लेकिन मोकाशीजी, ये तो हिट है। चेअरमन साहब रोज़ उसी रास्ते से आते हैं।”

“एक आदमी को तकलीफ़ हो रही है।”

“किसको?”

“जो अख़बार बाँटता है, उसको।”

चोप्रा गोंधळला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत काकांनी कुणापुढे हात पसरले नव्हते, ते पसरलेले मी त्या दिवशी पाहिले. बोर्ड निघाला नाही तर राजीनामा देईन, असंही ते म्हणाले, पण ते धमकीसारखं वाटलं नाही, विनंतीसारखंच वाटलं. चोप्रानं डायरीत काहीतरी लिहून घेतलं. “अच्छा, मतलब प्रॉब्लम आदमी की है? बाक़ी सब ठीक है ना? देखते हैं। दस दिन दीजिए।”

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी अडखळायला नको. काकांनी नंतर खरंच राजीनामा दिला, रजेवर असतानाच पोस्टानं पाठवला. काकूंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ती दोघं साताऱ्याला गेली. सामान भरलं जात होतं तेव्हा मी ऑफिसात होते. निरोप घ्यायला म्हणून वेगळी गेले नाही. गेल्या वर्षी काका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी “हो का” म्हणाले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिले. नोएडाच्या माझ्या फ्लॅटमध्ये हल्ली पेपर येतो त्याची पहिली तीन पानं जाहिरातींचीच असतात. मी ती न बघता उलटते. त्याचंही काही वाटत नाही.

मला जे काका आठवतात ते त्या थांब्यावरचे. चोप्रानं शब्द पाळला होता, दहाच्या ऐवजी आठच दिवसांत. सकाळी आम्ही बसला आलो तर समोर नवं होर्डिंग. तीच सायकल, तोच तीन मजली ढिगारा, तोच कावळा, खाली तीच ओळ. फक्त माणूस काढून टाकला होता. कॉम्प्युटरवर पुसला असावा, कुठे डागसुद्धा नव्हता. सीट रिकामी. पेडलवर पाय नाहीत. पेपरांचा डोंगर घेऊन सायकल आपली आपण चालली होती.

काका वर बघत राहिले. म्हणाले, “हे मला सुचलं नाही गं.” मग म्हणाले, “आख्खी मालिका काढली, आणि हे मला सुचलं नाही.”

तेवढ्यात वाटप संपवून शिवचरण आला. आम्हाला बघून सायकलवरून उतरला. त्यानंही मान वर करून होर्डिंग बघितलं, सावकाश, सगळं नीट तपासल्यासारखं. त्याचा चेहरा मोकळा झाला.

“अब ठीक है साहब,” तो म्हणाला. “अब हम नहीं हैं इसमें।” आणि हँडल पोटाशी टेकवून त्यानं दोन्ही हात जोडले. “आपने हमारी बात रख ली।”

काकांनीही हात जोडले. शिवचरण सायकलवर बसून मार्केटच्या दिशेनं निघून गेला.

बस आली. कंडक्टर “नोएडा, नोएडा” ओरडत होता. मी चढले, खिडकीची जागा धरली, शेजारी काकांसाठी पिशवी ठेवली. ते चढले नाहीत. बस सुटल्यावर मी मागे वळून बघितलं. शिवचरण केव्हाच गेला होता, आणि काका अजून हात जोडून उभे होते.